पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा ब्रश हातात घेतलाय, पण आपलं असं काही सुचतच नाही

वाईकरीण
नमस्कार मंडळी. बँकेतून व्हीआरएस घेतली. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला वगैरे पाठवायची घरची परिस्थिती नव्हती आणि मग नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात सगळंच मागे पडलं. आता वॉटरकलर करते. यूट्यूबवर दाखवतात तसं तळं, धुकं, पाइनची झाडं सगळं जमतं, फॅमिली ग्रुपवर अंगठे पण येतात. पण पाइनचं झाड मी जन्मात जवळून पाहिलेलं नाही हो! व्हिडिओ बंद केला की हातच चालत नाही. या वयात आपलं असं काही कसं सापडतं? क्लास लावू? मुलगा म्हणतो सरळ प्रदर्शन कर.

काळा_पाषाण
ताई, वाईत राहून पाइन?? मेणवलीचा घाट आहे की हाकेच्या अंतरावर. महिनाभर दुसरं काही काढूच नका, तोच घाट सकाळी, तोच भर दुपारी. आणि दगडाला ट्यूबमधला काळा लावू नका, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी मिसळा, सावलीत निळा जास्त, उन्हात सिएना जास्त, आणि पॅलेटवर पूर्ण घोटायचे नाहीत, ओल्या कागदावर थोडे फुटू द्यायचे. आपला सह्याद्रीचा दगड असाच दिसतो, हे कुठला यूट्यूबवाला सांगणार.

जकातनाका
वरच्यांशी अर्धाच सहमत. पाहिलेलंच काढायला हवं असं कुठाय? आंरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर कारकून होता, 1893 साली 49व्या वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढायला लागला. त्याची ती प्रसिद्ध जंगलं, वाघ, माकडं... गडी फ्रान्सच्या बाहेर कधी गेलाच नाही! पॅरिसच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन झाडं बघायचा आणि घरी येऊन जंगल उभं करायचा. लोक हसायचे त्याला, तरुण पिकासोने मात्र त्याच्यासाठी पार्टी दिली. तेव्हा पाइन हा प्रॉब्लेम नाहीये, ते पाइन दुसऱ्याने निवडलंय हा प्रॉब्लेम आहे.

काळा_पाषाण
मान्य, पण तोही पानं बघायला गार्डनमध्ये जायचाच ना 😄

कागदवाली
रवींद्रनाथांचं पण सांगतात ना, कवितेच्या वहीतल्या खोडाखोडीला आकार देता देता साठीच्या पुढे चित्रकार झाले आणि 1930 ला पॅरिसमध्ये पहिलं प्रदर्शन. पण ते रवींद्रनाथ होते, आपल्याला गॅलरीवाले चहासुद्धा विचारत नाहीत. तेव्हा प्रदर्शनाची घाई नको. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तर नंबर लागायला वर्षं जातात, आणि भाडं, फ्रेमिंग, टेम्पो धरून खर्च हाताबाहेर जातो. तेच पैसे कागदात घाला, 300 जीएसएम म्हणजे जाड आणि कॉटनचा घ्या, स्वस्त कागद फुगतो आणि दोष आपण स्वतःला देत बसतो. क्लास लावायचा तर बाहेर नेऊन बसवणारा बघा, सरांचं चित्र कॉपी करायला लावणारा नको, ते तर तुम्ही घरी फुकटात करताच आहात.

वाईकरीण
सगळ्यांचे आभार. मेणवलीला जाऊन आले. मुलाला वाटलं मी घाटावरची ती वसईहून आणलेली घंटा काढणार, सगळे तीच काढतात, फोटोपण तिचाच. मला मात्र पायऱ्यांवरून नजर हलेना, कडा झिजून गोल झाल्यात, मधल्या फटीत गवत. दुसऱ्या दिवशी पण गेले. पण कागदावर पायऱ्या चढतच नाहीत, सरळ भिंत दिसते. सिएना-निळा केलं तरी भिंतच! काय चुकतंय?

काळा_पाषाण
कुठे बसला होतात? खाली पाण्याजवळ का? डोळ्याच्या लेव्हलच्या वरच्या पायऱ्यांचा माथा दिसतच नाही, नुसती उभी बाजू दिसते, म्हणून भिंत. वर जाऊन खाली नदीकडे बघत बसा. प्रत्येक पायरीचा माथा दिसेल, त्यावर ऊन असेल, तो जवळजवळ कोराच ठेवा. उभी बाजू वरून लपते, तिथे कडेखालची बारीक सावली तेवढी गडद ओढा. आणि फोटो टाका इथे, बिघडला तरी.