अवयव, विभाजक, भाजक : एकच का?

एक शंका आहे. ३३५५०३३६ (तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस) या संख्येला अवयव किती, असं तिघांना विचारलं तर एकजण म्हणे २, दुसरा म्हणे १३, तिसरा २६, आणि कोणीच मागे हटेना. आपण अवयव, विभाजक, भाजक हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो म्हणून होतंय का हे?

— तिघंही बरोबर आहेत हो, शब्दच ढिला वापरलाय. संख्या फोडली की २ चा १२ वा घात गुणिले ८१९१ येतं आणि ८१९१ मूळ संख्या आहे, पुढे फुटत नाही. वेगवेगळे मूळ अवयव मोजले तर दोनच. २ बारा वेळा आलाय तो बारा वेळा धरला तर १३. आणि निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या मोजल्या तर १, २, ४ असं करत ४०९६ पर्यंत १३ आणि त्या प्रत्येकीची ८१९१ पट अशा आणखी १३, झाले २६. या २६ ना मी तरी विभाजकच म्हणेन.

— क्रियापद बघा ना, अवयव आपण ‘पाडतो’ पण विभाजक ‘काढतो’ नाहीतर ‘शोधतो’, ‘विभाजक पाडा’ असं मी तरी कधी ऐकलं नाही. शरीराचे अवयव जोडून शरीर होतं तसे हे गुणून संख्या होते, म्हणून शब्द फिट बसतो.

— भाजक वेगळाच. ज्याने भागायचं तो भाजक, बाकी उरो न उरो. याच संख्येला ७ ने भागा, बाकी १ उरते, तर तिथे ७ भाजक आहे पण विभाजक नाही. मसावि मधला ‘वि’ विभाजकाचा आहे तो उगाच नाही, आणि लसावि मधला मात्र विभाज्याचा, तिथेही लोक घोळ घालतात.

— ही संख्या परफेक्ट नंबर आहे ना? ६, २८, ४९६, ८१२८ च्या नंतरची पाचवी. त्याला मराठीत ‘पूर्ण संख्या’ म्हणायचं का?

— नको नको, पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३... सगळ्याच. ‘परिपूर्ण संख्या’ म्हणा. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते ती परिपूर्ण, आणि इथे ‘अवयव’ म्हटलं की व्याख्याच कोलमडते कारण २ + ८१९१ केलं तर ८१९३ च येणार. विभाजक घ्या, मग १ पासून ४०९६ पर्यंतच्या तेरांची बेरीज ८१९१, उरलेल्या बारांची ८१९१ × ४०९५, दोन्ही मिळून ८१९१ × ४०९६, म्हणजे आपलीच संख्या परत! मला हे दर वेळी भारी वाटतं.

— ओके, म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता, ‘विभाजक किती’ विचारायला हवं होतं. बाय द वे, हिच्या अंकांची बेरीज २८ येते, तीही परिपूर्ण :)

— तो योगायोग, ४९६ ची करून बघा, १९ येते.