बाळाचं तोंड आलं तर फणसआळंबं उगाळून लावावं का?

देवरुखची_लेक:
गेल्या आठवड्यात माझ्या दीड वर्षाच्या मुलीचं तोंड आलं. लाळ नुसती गळत होती, दूधभातही घेईना. आईने माळ्यावरच्या डब्यातून फणसआळंबं काढलं. परसातल्या जुन्या कापा फणसाच्या खोडावरचं ते, लाकडासारखं कडक, वरून काळं भेगाळलेलं, खालून तपकिरी मखमल. सहाणेवर पाण्यात तीन वेढे दिले, गेरूसारखा रंग सुटला, तो बोटाने हिरड्यांना आणि फोडांना लावला. तिसऱ्या दिवशी पोरीने वाटीभर पेज घेतली.

याला अडाणीपणा म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. डायमॉक आणि सहकाऱ्यांनी १८९० च्या दशकात 'फार्माकोग्राफिया इंडिका' या भारतातल्या वनौषधींच्या ग्रंथात याच नावाने नोंद केली आहे: लाळ फार सुटली तर हिरड्यांना, मुलांचं तोंड आलं तर तोंडात, जुलाबावर पोटातून. म्हणजे ज्ञान तेव्हाही जुनंच होतं. माझं मत आहे की लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात याचा एक तुकडा असावा.

फार्मसी_सांगली:
ताई, मुलगी बरी झाली याचा आनंद आहे, पण तुमचं मत मला पटत नाही. तोंडातले साधे फोड बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. आळंबं लावलं नसतं तर पेज कितव्या दिवशी घेतली असती, हे कसं ठरवायचं? आणि डायमॉकने लोक काय करतात ते टिपलं. गुण येतो की नाही हे त्याने तपासलेलं नाही.

माझ्या बहिणीचं बाळ चार महिन्यांचं असताना जिभेवर पांढरा थर आला. सासूबाईंनी मायेनेच रोज फणसोंबा, म्हणजे हेच फणसआळंबं, चाटवला. तो कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग होता. पाच दिवस बाळ अंगावर नीट प्यालं नाही, लघवी कमी झाली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला आणि साध्या थेंबांनी थर गेला. ते पाच दिवस मी विसरू शकत नाही. सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध याशिवाय बाळाच्या तोंडात काही जाऊ नये, आणि सहाणेवरचं पाणी तर नकोच.

आळंबीवेडा_पुणे:
दोघांच्याही आधीचा प्रश्न असा, की तो तुकडा नेमका कशाचा? फणसोंबा ही एक जात नाही. फेलिनस या आळंब्यांच्या वंशातल्या बऱ्याच जाती या नावाने खपतात. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली एक पुडी मी भिंगाखाली पाहिली. दोन तुकड्यांच्या खालच्या छिद्रांचा आकार उघड वेगळा होता. आळंबी ओळखायला वापरतात त्या कॉस्टिक पोटॅश या क्षाराच्या द्रावणाचा थेंब टाकला तर दोन्हींचा गर काळा पडला. पण त्यावरून कुळाचा अंदाज येतो, जात कळत नाही.

हा घोळ आपल्याकडेच आहे असंही नाही. कोरिया-चीनमध्ये तुतीवरचं 'सांगह्वांग' औषधी मानतात. त्याला कितीतरी वर्षं फेलिनस लिंटियस म्हणत होते, आणि ती जात मुळात मध्य अमेरिकेतल्या नमुन्यावरून वर्णिलेली. २०१२ मध्ये तुतीवरची जात वेगळी असल्याचं दाखवून तिला नवं नाव दिलं. मग आधीचे प्रयोग नेमके कशावर झाले होते?

रानभाजीप्रेमी:
पण जपानने आळंबीपासून कॅन्सरची औषधं केलीच ना? आपणच आपल्या ठेव्याला नावं ठेवतो.

फार्मसी_सांगली:
केली, आणि कशी केली ते बघा. १९७७ मध्ये एका आळंबीपासून क्रेस्टिन हे औषध, १९८५ मध्ये शिताके आळंबीपासून लेंटिनान. दोन्ही शुद्ध केलेले घटक, ठरलेल्या मात्रेत. लेंटिनान तर इंजेक्शनने, किमोच्या जोडीला. किमो सोडून भुकटी खा, असं तिथे कुणी सांगितलं नाही. माझ्या काउंटरवर मात्र 'मशरूम पावडर चालू केलीय, किमो थांबवू का' असं विचारणारी माणसं येतात. तेव्हा माझे हातपाय गार पडतात.

देवरुखची_लेक:
कॅन्सरचं मी बोललेच नाही. पुडीवाल्यांचा राग माझ्या आईच्या सहाणेवर काढू नका. मी पोटात दिलं नाही, फोडांना लावलं. पोरगी पाणी पीत होती, ताप नव्हता, आणि आमच्याकडून बालरोगतज्ज्ञ दीड तासावर. तरी चार महिन्यांच्या बाळाचं वाचून मी आईला फोन केला. सहा महिन्यांच्या आत ती देत नाही असं मला वाटत होतं. "तुला तर बाराव्या दिवसापासून चाटवलंय," म्हणाली. भावाला बाळ होणार आहे. ते मी होऊ देणार नाही. पण मोठ्या मुलाच्या तोंडातल्या फोडांसाठी आमच्या फणसाचा तुकडा माझ्या डब्यात राहील.

आळंबीवेडा_पुणे:
तुमच्या डब्यातल्या तुकड्याचं झाड तरी माहीत आहे, पुडीत तेही नसतं. पुढच्या खेपेला अख्खं आळंबं खोडापासून काढा, खालच्या बाजूचा फोटो घ्या आणि सोबत सालीचा तुकडा ठेवा. मला पाठवलात तर बघून सांगेन. आणि त्या फणसाकडेही लक्ष असू द्या. हे आळंबं खोड आतून कुजवतं, वादळात आधी तेच झाड मोडतं.