सोमवार ते शनिवारच्या विश्वासाबद्दल मंडळीपुढे काय बोलू?

सांगलीचा_तरुणसंघ
सलाम. पुढच्या महिन्यात आमच्या चर्चच्या उपासनेत पंधरा मिनिटं बोलायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवलंय. विषय आहे रोजच्या जगण्यातला विश्वास. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या मंडळीतलं कुणी घरी बसलं नव्हतं. बायका भाकऱ्या थापत होत्या, पोरं औषधं पोचवत होती, समोरचा कुठल्या समाजाचा हे विचारायला सवडच नव्हती. पाणी ओसरलं आणि आम्ही पुन्हा रविवारपुरते उरलो. गायन छान होतं, बाकं भरतात, पण दाराबाहेर पडलं की ज्याचा तो. कुणाला न टोचता लोकांना पुन्हा उभं कसं करायचं? कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, हा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्या पुढचं हवंय.

मिरजेची_निवृत्त_सिस्टर
बाळा, पूर कधीतरी येतो. मिरजेच्या स्टेशनवर मात्र रोज गाड्या येतात. कर्नाटकातल्या कुडची-रायबागकडून, पंढरपूरकडून आजारी माणूस घेऊन उतरणारी घरची माणसं बघ एकदा. दवाखान्यात पेशंटला खाट मिळते, सोबतच्या बाईला व्हरांडा. तिला धड मराठी येत नाही, हातातल्या कागदावर काय लिहिलंय कळत नाही, आणि ती जेवली का हे कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी अशा वॉर्डांत गेली. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला, त्याचा आपण भाषणांत फार अभिमान सांगतो. त्याच मिरजेत आपल्या घरचा एक डबा पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पंधरा मिनिटांत एवढंच माग. चार-चार घरांनी वार वाटून घ्यायचे, ज्याच्या वाराला त्याच्या घरून दोन माणसांचं जेवण. ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी, तिखट बेताचं. कन्नड बोलणारं एक माणूस बरोबर घ्या, तुमच्यात कुणीतरी नक्की असेल. त्याच्या दोन शब्दांनी त्या बाईचा चेहरा सैल पडतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

आणि धर्मप्रचाराची पत्रकं अजिबात नेऊ नका. या बाबतीत मी ठाम आहे. जिवाची घालमेल चाललेल्या माणसाला काही पटवायला जाऊ नये. प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाले तर डबा देऊन नमस्कार करा आणि या. आपण का येतो हे त्यांनी विचारलं तर मोकळेपणानं सांगा.

अजून एक, हे घरातलंच आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे. नाताळाच्या गडबडीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे पैसे जानेवारीवर ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. करंज्या तळायच्या आधी ते पैसे द्यावेत.

कराडचा_शेतकरी
सिस्टर, त्याच अध्यायात शेताचा कडेचा भाग गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायला सांगितलंय. आमच्याकडे हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढे आलेल्या धान्याचा आम्ही नेहमी लिलाव करायचो. यंदा निम्मं धान्य कोप्यांवर नेलं. तिथं पोरांना ताप होता, म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टर नेले. आता आमची माणसं स्वतःहून विचारतात, परत कधी जायचं.

सातारा_शाहूपुरी
एक सुचवतो. हे काम फक्त आपल्या लोकांचं ठेवू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली होती. शेजारच्या काकूंना भाकरी द्यायची असेल तर त्यांचाही वार लिहा.

सांगलीचा_तरुणसंघ
सगळ्यांचे मनापासून आभार. बोलणं पाच मिनिटांत आवरतो आणि उपासना सुटल्यावर दाराशी वारांची वही ठेवतो. मंगळवार आमच्या घरचा. आमच्यातले एक काका मूळचे कुडचीचे आहेत, त्यांना आजच विचारतो. सिस्टर, डबा किती वाजता पोचावा?

मिरजेची_निवृत्त_सिस्टर
साडेबाराच्या आत. आत जायच्या आधी वॉर्डच्या सिस्टरांना विचारायचं, पेशंटला त्यातलं काही द्यायचं नाही, त्याचं पथ्य वेगळं असतं. वहीत फोन नंबर घे. रविवारी दुपारी सगळे दमलेले असतात, तो वार आधी भरून घे.