मदत हवी आहे : पतंगांच्या कुलांची नावे बदलली आहेत, शाळेतील जुन्या संग्रहाच्या चिठ्ठ्या कशा लिहाव्यात?

नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात कीटकांच्या चार लाकडी पेट्या आहेत आणि त्यांपैकी दोन पेट्यांत केवळ पतंग आहेत. शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या एका सरांनी राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा आणि शाळेभोवतीची उसाची शेते येथून हे पतंग गोळा केले, टाचले आणि प्रत्येकाखाली टाकाने लिहिलेली चिठ्ठी लावली. डांबरगोळ्या वेळच्या वेळी बदलल्या गेल्यामुळे बहुतेक नमुने आजही शाबूत आहेत. चिठ्ठ्यांची शाई मात्र पुसट झाली आहे, म्हणून यंदा पावसाळ्यात नववीच्या काही मुलामुलींना सोबत घेऊन त्या नव्याने लिहायला आम्ही सुरुवात केली, आणि चौदा चिठ्ठ्या लिहून झाल्यावर थांबलो, कारण आपण कोणत्या आधारावर लिहीत आहोत हेच मला सांगता येईना.

जुन्या चिठ्ठ्यांवरील कुलांची, म्हणजे जवळच्या जातींच्या मोठ्या गटांची, नावे जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश भारतातील पतंगांवर लिहिलेल्या, १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला धरून आहेत. त्यानुसार केसाळ अळ्यांपासून होणारे टायगर मॉथ आर्क्टिइडी या कुलात, टसॉक मॉथ लायमँट्रिइडीत, गांधीलमाशीसारखे दिसणारे आणि दिवसा उडणारे अमाटा वंशाचे पतंग सिंटोमिडीत, तर ज्यांच्या अळ्या वड-उंबरावर वाढतात ते असोटा वंशाचे पतंग हिप्सिडीत ठेवलेले आहेत. म्हणजे चार ओळी आणि चार कुले. मुलांनी संदर्भ शोधले तेव्हा एका ठिकाणी हे सगळे नॉक्ट्युइडीत दाखवलेले आढळले, दुसऱ्या ठिकाणी एरेबिडीत, तर कृषीविषयक एका पुस्तकात केसाळ अळी अजूनही आर्क्टिइडीतच आहे. एका मुलीने मला विचारले, "बाई, पतंग तोच आहे, मग त्याचे घर तीनदा कसे बदलले?" मी तिला 'संशोधन पुढे जाते तसे वर्गीकरण बदलते' असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण त्यातून तिला काहीच कळले नाही, आणि याची खंत मला तेव्हापासून आहे.

दुसरी अडचण उसाच्या किडींची आहे. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी ऊस आहे, त्यामुळे ही ओळ मुले सर्वांत आधी पाहतात. सरांनी खोडकीड, कांडी कीड, शेंडे कीड आणि गुलाबी खोडकिडा यांचे पतंग एकाच ओळीत 'पायरॅलिडी' या नावाखाली लावले आहेत. शेंडे किडीची मादी ओळखणे सोपे आहे, कारण ती पांढरीशुभ्र असून तिच्या पोटाच्या टोकाला नारिंगी केसांचा झुबका असतो. खोडकीड आणि गुलाबी खोडकिडा हे मात्र दोन्ही वाळल्या पाचटाच्या रंगाचे, दोघांचेही मागचे पंख पांढरट, आणि दोघांच्याही अळ्या कोंब पोखरून पोंगा (मधल्या कोवळ्या पानांची सुरळी) मारतात. नवे संदर्भ सांगतात की पहिल्या तिन्ही किडी क्रँबिडी कुलातील आहेत आणि गुलाबी खोडकिडा नॉक्ट्युइडीतील. हे पूर्वी एकत्र होते आणि नंतर वेगळे काढले गेले, की त्यांना एकत्र लावण्यात सरांचीच चूक झाली होती, हे मला ठरवता येत नाही.

तिसरा प्रश्न क्रमाचा आहे. फुलपाखरांची पेटी नेहमी सर्वांत शेवटी, जणू उत्क्रांतीचे टोक म्हणून, ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये फुलपाखरे आणि पतंग यांच्या एकत्रित गणाचे पापिलियो, स्फिंक्स आणि फॅलीना असे तीन भाग केले होते आणि त्यांतील पहिला भाग म्हणजे फुलपाखरे, एवढे मला ठाऊक आहे. पण या गणातील सुमारे १,६०,००० ज्ञात जातींपैकी फुलपाखरे जेमतेम १८-१९ हजार असतील आणि ती पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी असतील, तर ती पेटी कुठे ठेवावी?

माझी विनंती अशी की केवळ 'अमुक नाव बरोबर' असे न सांगता, दहापट भिंगाने मुलांना स्वतः पाहता येईल असे लक्षण प्रत्येक ठिकाणी सांगावे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि जुना नमुना मोडण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

नमस्कार मॅडम,

मी बरीच वर्षे उसाच्या किडींवर काम केले आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सरांच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. खोडकीड, कांडी कीड आणि शेंडे कीड यांना पायरॅलिडी म्हणणे त्या काळी योग्यच होते. पुढे या मोठ्या कुलाचे पायरॅलिडी आणि क्रँबिडी असे दोन भाग मान्य झाले आणि या तिन्ही किडी क्रँबिडीत गेल्या. ही दोन कुले एकमेकांची सख्खी असून आजही पायरॅलॉयडिया या एकाच महाकुलात आहेत. गुलाबी खोडकिडा, म्हणजे सेसामिया, हा मात्र जुन्या पद्धतीनेही पायरॅलिडी नव्हता. सवय आणि रूप सारखे पाहून तो तिथे लावला गेला असावा. उसाच्या कोंबात शिरून जगायचे म्हटले की अळीचे अंग लांबट, गुळगुळीत आणि जवळपास बिनकेसांचे होणे सोयीचे ठरते. ही सोय दोन दूरच्या घराण्यांनी आपापली साधली, आणि तिला नाते समजणे हीच वर्गीकरणातील सर्वांत जुनी फसगत आहे.

मुलांना दाखवायचे असेल तर पतंगाकडे न जाता अळीकडे जा. सुरू उसात पोंगेमर दिसली की वाळलेला पोंगा उपटा, कोंब उभा चिरा आणि अळी काढून पाण्याच्या थेंबात उताणी ठेवा. पोटाखालच्या मांसल पायांच्या तळव्यावर बारीक तपकिरी आकड्या असतात. खोडकिडीच्या अळीत या आकड्यांचे जवळपास पूर्ण कडे दिसते, तर गुलाबी खोडकिड्यात त्या पायाच्या आतल्या बाजूला अर्धचंद्रासारख्या एकाच ओळीत असतात. खोडकिडीच्या पाठीवर पाच जांभळट पट्टे असतात आणि गुलाबी खोडकिड्यात ते नसतात, पण पट्ट्यांपेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवा. पतंगच पाहायचा असेल तर खोडकिडीच्या डोक्यापुढे चोचीसारखे लांब निघालेले ओष्ठस्पर्शक (तोंडाजवळच्या अवयवांची जोडी) पाहावेत. ते गुलाबी खोडकिड्यात नसतात.

याहून खोलवरचे लक्षण म्हणजे कान. पायरॅलॉयडियातील पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी, खालच्या बाजूला असतात. नॉक्ट्युऑयडिया महाकुलात, ज्यात गुलाबी खोडकिडा, घाटे अळी, लष्करी अळी आणि तुमचे सगळे केसाळ अळीवाले येतात, ते छातीच्या शेवटच्या वलयावर, मागच्या पंखाच्या मुळाजवळ असतात. जिऑमेट्रिडी या आणखी एका कुलातील पतंगांचे कानही पोटावरच असतात, पण त्यांची घडण वेगळी आहे. म्हणजे ऐकण्याची सोय पतंगांत एकदा झाली आणि सगळ्यांना वारशाने मिळाली असे नसून, ती वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे झाली. कावाहारा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १८६ जातींच्या २,०९८ जनुकांवरून जो वंशवृक्ष मांडला, त्यातही हेच दिसते, आणि पतंग खाणाऱ्या वटवाघळांशी शर्यत सुरू होण्याच्या आधीच हे कान निर्माण झाले होते असेही त्यांचे म्हणणे आहे. जुना नमुना मोडू नका. दिव्याखाली मेलेला ताजा पतंग घ्या, छाती आणि पोट यांच्या सांध्यावरचे खवले मऊ कुंचल्याने झाडा आणि बाजूने उजेड पाडा.

उंटअळीचेही उदाहरण मुलांना जरूर सांगा. सोयाबीनवरील हिरवी उंटअळी नॉक्ट्युइडीतील, एरंडीवरील उंटअळी एरेबिडीतील, आणि काडीसारखी ताठ उभी राहणारी खरी मोजणी अळी जिऑमेट्रिडीतील. पाठ कमानीसारखी उचलून चालण्याची तऱ्हा एकच दिसते, पण घरे तीन आहेत.

आता तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो, जो मला फार मोलाचा वाटला. तिला भावकीचे उदाहरण द्या. एखाद्या घराण्यातल्या एका शाखेकडे पाटीलकी आली आणि त्यांनी 'पाटील' आडनाव लावले, बाकीच्या भाऊबंदांनी मूळ आडनाव ठेवले, म्हणून पाटील काही परके होत नाहीत. उद्या कोणी फक्त मूळ आडनावाच्या लोकांची यादी करून 'हे संपूर्ण घराणे' असे म्हणाला, तर ती यादी अपुरी ठरेल. जुन्या पद्धतीत नेमके हेच झाले होते. टायगर मॉथ आणि टसॉक मॉथ उठून दिसतात म्हणून त्यांना स्वतंत्र कुले दिली गेली, पण त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मात्र नॉक्ट्युइडी या नावाखालीच राहिले. दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सगळ्यांना नॉक्ट्युइडीत घेणे, आणि २००६ मध्ये तशी मांडणी झालीही. दुसरा म्हणजे जवळच्या सगळ्यांचे मिळून एरेबिडी हे वेगळे कुल करणे. झाहिरी आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे २०११ मध्ये नॉक्ट्युऑयडियाची सहा कुले मांडली आणि दुसरा मार्ग स्थिरावला. तुमच्या मुलांना तीन पत्ते मिळाले ते यामुळे.

आणि टायगर मॉथचा गट मोडलेला नाही, हेही तिला आवर्जून सांगा. त्याची पायरी तेवढी खाली आली. आर्क्टिइडीचा आर्क्टिइनी झाला, म्हणजे एका अक्षरात कुलाचे उपकुल झाले. लायमँट्रिइडीचे लायमँट्रिइनी झाले, असोटा अगॅनाइनी या उपकुलात गेले आणि अमाटा आर्क्टिइनीच्या आतच आले. चिठ्ठीवर तुम्ही 'एरेबिडी : आर्क्टिइनी' असे लिहिलेत तर जुने नावही त्यातून ओळखू येईल. पेटीत भेंडीवरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचा हिरवट पतंग असेल तर तोही पाहून घ्या. तो एरियास वंशाचा असून नॉक्ट्युइडीतून आता नोलिडी या कुलात गेला आहे.

एरेबिडी आणि नॉक्ट्युइडी वेगळे ओळखण्यासाठी मागच्या पंखाच्या शिरा पाहाव्या लागतात. पंखाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब सोडला की खवले क्षणभर पारदर्शक होतात आणि शिरा स्पष्ट दिसतात, मग थेंब उडून जातो आणि पंख पूर्ववत होतो. एरेबिडीत मधली दुसरी शीर ठळक असते आणि तिसरीच्या अगदी जवळून निघते, म्हणून तिथे चार फाटे दिसतात. नॉक्ट्युइडीत बहुधा ती पुसट असते आणि तीनच फाटे मोजता येतात. हिरव्या उंटअळीचे पतंग नॉक्ट्युइडीत असूनही याला अपवाद आहेत, तेव्हा या एका लक्षणावर निकाल देऊ नये.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात सविस्तर लिहिलेले आहेच, मी केवळ फुलपाखरांच्या पेटीबद्दल लिहितो. ती शेवटी ठेवू नका. फुलपाखरांची फांदी पायरॅलॉयडियाच्या आधी वेगळी झालेली आहे, म्हणजे तुमची उसाची खोडकीड फुलपाखरापेक्षा टायगर मॉथला अधिक जवळची आहे. वर उल्लेख झालेल्या २०१९ च्या अभ्यासानुसार फुलपाखरांचे पूर्वज बहुधा निशाचर होते आणि सुमारे ९.८ कोटी वर्षांपूर्वी ते दिवसा उडू लागले. संपूर्ण गणाचा उगम तर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि सोंडेऐवजी चावणारे जबडे असलेले मायक्रोप्टेरिजिडी कुलातील पतंग त्या जुन्या काळाची साक्ष आजही देतात. त्यामुळे फुलपाखरे, मग पायरॅलॉयडिया, आणि त्यानंतर जिऑमेट्रिडी, हॉक मॉथ व रेशीम पतंगांचे बॉम्बिकॉयडिया, आणि नॉक्ट्युऑयडिया असा क्रम लावता येईल. शेवटच्या तिघांचा आपसातला क्रम कसाही ठेवला तरी चालेल, कारण वंशवृक्षाची फांदी सांध्यापाशी फिरवली तरी नाते बदलत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल शाळेमागच्या शेतातून, मालकांना विचारून, मुलांनी सहा वाळलेले पोंगे आणले. पाच कोंबांत अळी सापडली. चार अळ्यांच्या पायांवर आकड्यांचे कडे होते आणि एकीच्या पायावर अर्धचंद्र. तो अर्धचंद्र सर्वांत आधी त्याच मुलीला दिसला आणि तिने भिंग बराच वेळ खाली ठेवले नाही. गुलाबी खोडकिड्याचा नमुना आम्ही त्या ओळीतून काढून घाटे अळीच्या पतंगाशेजारी लावला आहे. लिहून झालेल्या चौदा चिठ्ठ्याही पुन्हा लिहीत आहोत. सरांच्या जुन्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, त्या नव्या चिठ्ठीखाली त्याच टाचणीत राहतील, असे मुलांनीच ठरवले.

एक शंका उरली आहे. अमाटाच्या दोन नमुन्यांचे मागचे पंख इतके लहान आहेत की स्पिरिट सोडल्यावरही शिरा मोजता आल्या नाहीत. या पतंगात पंखाऐवजी दुसरे कोणते लक्षण पाहावे, हे कृपया सांगावे.