झॉयगेटीअर : पिणारा की पाजणारा?

प्रश्न : जर्मनच्या वर्गात 'झॉयगेटीअर' म्हणजे सस्तन प्राणी असं शिकवलं. 'टीअर' म्हणजे प्राणी, तेवढं कळलं. पहिल्या भागाचा अर्थ मी 'चोखणारा' लिहिला तर बाईंनी लाल रेघ मारली. कोशात 'झाउगन' म्हणजे चोखणे असंच आहे की!

– तुम्ही शेजारचं क्रियापद उचललंत. 'झाउगन' म्हणजे चोखणे, ओढून घेणे. व्हॅक्यूम क्लीनरला जर्मनमध्ये 'श्टाउबझाउगर' म्हणतात, थेट 'धूळओढ्या'! पण 'झॉयगन' म्हणजे अंगावर पाजणे. आपल्या पिणे-पाजणे, पडणे-पाडणे यांसारखीच ही जोडी. नुसतं पडणं ते 'फालन', झाड पाडणं ते 'फेलन'. आपण पाणी पितो ते 'ट्रिंकन', गुरांना पाजतो ते 'ट्रेंकन'. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. झॉयगेटीअर म्हणजे पाजणारा प्राणी. (अंगावर पिणारं तान्हं मात्र 'झॉयगलिंग'. तिथे पाजणारी आई वेगळी, म्हणून गोंधळायचं नाही.)

– थोडी भर. प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली या प्राण्यांच्या वर्गाचं 'चतुष्पाद' हे जुनं नाव सोडून लॅटिन 'मम्मा', म्हणजे स्तन, यावरून 'मॅमेलिया' केलं. त्याआधी १७५२मध्ये याच गृहस्थाने बाळाला दूध पाजायला दाई ठेवू नका, आईनेच पाजावं, असा प्रबंध लिहिला होता. त्याच्याकडे शिकलेल्या श्रेबर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या १७७४पासून निघालेल्या चित्रग्रंथाच्या नावातच हा जर्मन शब्द आहे. जर्मनांनी अवयव सोडून क्रिया घेतली. आपला 'सस्तन' लिनिअसला चिकटून राहिला. डॅनिश 'पॅटेड्यूर'ही तसाच, त्यातला 'पॅटे' म्हणजे सड.

मला जर्मन शब्द जास्त पटतो. प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या ऑस्ट्रेलियन सस्तन प्राण्याला स्तनाग्रं नसतातच, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते केसांवरून चाटतात. 'सस्तन' म्हणताना तिथे जीभ अडते, 'पाजणारा' म्हणताना नाही.

प्रश्नकर्ता : अस्सं! म्हणजे रेघ बरोबर होती. पण मग बैल? तो कुणाला पाजतो?

– तिथे मराठीची सरशी! बैलाला निदान बारके सड तरी असतात. घोडा काढू नका म्हणजे झालं, त्याला तेही नसतात.