गोव्याचे तिकीट: दाबोळी की मोपा, हे ठळकपणे सांगण्याची जबाबदारी कोणाची?

मडगावकर:
मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि दाबोळीचा जुना विमानतळही चालूच राहिला. तिकिटांच्या अनेक संकेतस्थळांवर नुसते ‘गोवा’ टाकले की दोन्हीकडची विमाने एकाच यादीत, भाड्याच्या क्रमाने दिसतात. विमानतळांच्या सांकेतिक नावांत जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, हा फरक बारीक अक्षरांत राहतो. मडगावला दाबोळीपेक्षा मोपा दुपटीहून अधिक लांब आहे, त्यामुळे तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि रात्रीचे विमान असेल तर मनस्ताप वेगळाच. पैसे भरण्याआधी विमानतळाचे पूर्ण नाव ठळकपणे दाखवणे कंपन्यांना बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणेकर:
मला हे पटत नाही. विमानतळाचे नाव तिकिटावर असतेच आणि ते वाचणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे. एकत्र यादी ग्राहकाच्या हिताचीच असते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली आहेत. पनवेल-खारघरच्या लोकांना ती सोयीची, तर बोरिवलीकरांना मुंबईचा सहार विमानतळ बरा. याद्या वेगळ्या केल्या, तर स्वस्त पर्याय अनेकांच्या नजरेलाच पडणार नाही.

सावंतवाडीकर:
यादीबाबत मी ठाणेकरांशी सहमत आहे, कारण आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना मोपा अगदी हाताशी आहे आणि तिथले विमान शोधताना दिसलेच पाहिजे. खरी फसगत परतीच्या तिकिटात होते. ‘मुंबई–गोवा, गोवा–मुंबई’ असे दिसते, पण उतरायचे मोपाला आणि परतीचे विमान दाबोळीहून. स्वतः चालवायची भाड्याची गाडी मोपाला घेतलेली असेल, तर ती दाबोळीला सोडता येईल का, हा प्रश्न बहुतेकांना शेवटच्या दिवशी पडतो.

लंडननिवासी:
पुढचे विमान पकडायचे असेल तेव्हा प्रश्न टॅक्सीच्या पैशांपुरता राहत नाही. एलओएन या एकाच सांकेतिक नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन हे सगळे येतात. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचे, तर इमिग्रेशन पार करून, सामान ताब्यात घेऊन रस्त्याने जावे लागते. भारतीय पारपत्रावर त्यासाठी साधारणपणे ब्रिटनचा व्हिसा लागतो. तो नसेल, तर भारतातच विमानात बसू न देण्याची वेळ येऊ शकते. ‘वाचून घ्या’ एवढे सांगून कंपन्यांना मोकळे होता येऊ नये.

ठाणेकर:
एकाच तिकिटावर विमानतळ बदलत असेल, तर ठळक सूचना हवी, हे मान्य. मात्र दोन तिकिटे दोन ठिकाणांहून स्वतंत्रपणे काढली, तर कोणते संकेतस्थळ सावध करणार? तिथे प्रवाशालाच डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. गोव्याबाबत माझे मत कायम आहे.

मडगावकर:
याद्या वेगळ्या करा, असे मी म्हटलेलेच नाही. मागणी एका ठळक ओळीची आहे. घरातील ज्येष्ठांची तिकिटे बहुधा मुले काढतात आणि ज्येष्ठांच्या हाती मोबाइलवरचा संदेश येतो, त्यात त्यांना तारीख आणि वेळ तेवढी कळते. जीओएक्स ही अक्षरे वाचूनही त्यांना काय बोध होणार? त्या संदेशात ‘मोपा, पेडणे तालुका’ किंवा ‘दाबोळी, वास्कोजवळ’ एवढे लिहायला कंपनीला काहीच खर्च नाही.