अर्ध्याहून मोठ्या चंद्राला काय म्हणायचं?

रोहिणी: शाळेच्या भिंतीसाठी सप्टेंबर २०२५ च्या आकाशाचा तक्ता मराठीत करतेय. ७ तारखेचं खग्रास चंद्रग्रहण, २१ ला शनीची प्रतियुती, हे जमलं. इंग्रजीतला ‘गिबस मून’ अडलाय. चंद्रकोर झाली, अर्धचंद्र झाला, पण अष्टमी आणि पौर्णिमेच्या मधल्या चंद्राला काय म्हणू?

खानदेशी: वेगळा शब्द हवाच कशाला? ‘शुद्ध दशमीचा चंद्र’ म्हटलं की आकारही कळला आणि उगवायची वेळही. आमची आजी संकष्टीला घड्याळ न बघता सांगायची, चंद्र कौलांवर केव्हा येईल ते.

रोहिणी: दादा, पाचवीच्या मुलांना दशमी ठाऊक नाही. त्यांना आकार दिसतो.

सांगलीकर: ‘फुगीर चंद्र’ लिहा.

ध्रुव: फुगीर आकडे असतात, खोटे. ‘अर्धाधिक’ नेमका आहे.

सांगलीकर: अर्धाधिक कुठलं मूल म्हणेल? संस्कृत जोडलं की शास्त्र होतं हा आपला जुना रोग आहे.

खानदेशी: ‘अर्धचंद्र’सुद्धा बघा हं. आमच्याकडे एखाद्याला अर्धचंद्र दिला म्हणजे मानगूट धरून बाहेर काढला.

ग्वाल्हेरकर: तिथी लिहिणार असाल तर महिना सांभाळा. १० तारखेची संकष्टी तुमच्या पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्थी, इथे शेजाऱ्यांच्या पंचांगात आश्विन कृष्ण चतुर्थी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आणि ‘वद्य’ कशाला, ‘कृष्ण’ लिहा. वद्य कानाला अशुभ वाटतं.

ध्रुव: अशुभ कसं? संस्कृतात ‘अवद्य’ म्हणजे निंद्य. मग वद्य उलट बोलण्याजोगं! तसा पक्षाचा वद्य ‘वदि’वरून आला असं माझं मत. शिलालेखांत ‘शुदि’, ‘वदि’ हे संक्षेप सर्रास आहेत.

सांगलीकर: म्हणजे तो मुळात संक्षेप. त्याला शुभ-अशुभ कसलं? आई रोज वद्य म्हणते, मीही म्हणणार.

रोहिणी: पक्ष मी चित्रातच दाखवतेय. शुद्ध पक्षात पश्चिमेची बाजू उजळ, वद्यात पूर्वेची. मला मधल्या आकाराचं नाव हवंय.

खानदेशी: ते ‘प्रतियुती’ तरी मुलांना कळेल का? शनी सूर्याच्या बरोबर समोर, सूर्य मावळताना उगवतो, रात्रभर दिसतो. ‘शनी सूर्यासमोर’ लिहा की.

ध्रुव: प्रतियुती राहू द्या. ‘युती’ कळली की तीही कळते.

ग्वाल्हेरकर: आमचे जोशीबुवा ‘प्रतियोग’ म्हणतात.

ध्रुव: तो फलज्योतिषातला. खगोलाच्या तक्त्यात नको.

ग्वाल्हेरकर: का नको? आकाश तेच आहे ना?